सटवाईसाठी नेलेला कागद

केमच्या ठेसनावर सकाळच्या गाडीत बसले. मांडीवर चार महिन्यांची रूथ. पिशवीत नारळ, हळद-कुंकू, पेन आन् एक कोरा कागद. नवऱ्याला सांगितलं, वळसंगला आईला भेटून येते. खोटं न्हवतं, पण पुरं खरंबी न्हवतं.

सासरी समदे येशूला मानतात, मीबी मानते, मनापासनं. म्हणून रूथची पाचवी (पाचव्या दिवशी सटवाईची पूजा, ती येऊन बाळाचं नशीब लिव्हती म्हणतात) केली न्हाय. आन् आता आठ दिस झालं, पोर माझ्या खांद्यावरनं मागं बघती आन् हसती. मागं कुणीच नसतं. आई फोनवर म्हणली, "सटवाई हसवती गं. रागावली तर नेतीबी. घिऊन ये."

गाडीत समोरची म्हातारी लई वेळ आमच्याकडं बघत हुती.

"पोरी, तुज्या मागं कोण हाय?"

"कोण न्हाय की, आज्जी. पत्रा हाय नुसता."

"मग ही कुणाला हसती?"

मी मान वळवली न्हाय. माढा गेलं, मोहोळ गेलं, तशीच ताठ बसले. भाकरी आन् शेंगाची चटणी बांधून घेतलेली, ती सोडलीच न्हाय.

सोलापुरातनं वळसंगची जीप धरली. बाया कानडीत गलका करत हुत्या. रूथ मागं बघून हसली तशा समद्या गप.

आई फाट्यावरच उभी. शिवारात लिंबाखाली सटवाईचा शेंदराचा दगड, तितं गेलो. डोक्यावर ऊन.

"आगं, कोयता घरीच ऱ्हायला की! नारळ कशानं फोडू? बस हितं, आले."

मी, पोर आन् दगड. पाखरू बोलंना, ज्वारीचं पान हलंना. कागद मांडला, वर पेन ठेवलं. रूथ माझ्या मागं बघून खदखदली. वारा न्हवता, तरी पेन घरंगळलं आन् कागद उलटा झाला.

मागं लिव्हलेलं हुतं. माझंच वाकडं अक्षर. आमच्या चर्चात, मंडळीत, बाया उठून साक्ष देतात, देवानं काय केलं ते सांगतात. रूथ झाली तवा मीबी लिव्हली हुती, पण उभं ऱ्हायला लाजले. घाईत वहीचं तेच पान फाडलेलं. "देवा, बाळ आधी रडलंच न्हाय. समद्या गप झाल्या. मग रडलं. मला लई हसू आलं. तू हितंच हुतास."

भ्या गेलं न्हाय, खोटं कशाला बोलू. पण त्या भ्यातच आतनं हसू फुटलं. त्या रिकाम्या शिवारात रूथसंगं मीबी मोठ्यांदा हसले.

आई कोयता घिऊन पळत आली. "येड लागलं का गं?"

"आई, कागद कोरा न्हाय."

"दुसरा आणू की."

"नगं. हिचं आधीच लिव्हलंय."

आईनं कोयता खाली ठेवला. मग दगडाला हात जोडले, आमच्या वाटचेबी जोडले असतील. नारळ घरी नेऊन त्याची चटणी केली. "खा, उपाशी दिसतीस."

केमला आल्यावर नवऱ्याला समदं सांगितलं. रविवारी मंडळीत म्होरं जाऊन उभी ऱ्हायले. कागद उघडला. वाचता वाचता रूथ खांद्यावरनं मागं बघून हसली. समोरच्या बाया गप झाल्या. माझ्या मागं नुसती भिंत हुती.

मी मान वळवली न्हाय. कागदात लिव्हलेलंच परत वाचलं, मोठ्यांदा. तू हितंच हुतास.