अक्कांचे बिबडे

१९९०च्या सुमारास धरणगावला गेलो की मी पापड करून विकणाऱ्या अक्कांच्या अंगणात डोकावायचो. ज्वारीचे बिबडे, म्हणजे आमच्याकडचे जाडसर पापड, त्या ओल्या कापडावर थापायच्या आणि वाळले की आधी स्वतः डोळे मिटून चावून बघायच्या.

एका दुपारी जळगावचा दुकानदार लग्नासाठी सांगितलेला माल न्यायला आला. अक्कांनी तुकडा चावला आणि त्या थांबल्या. सकाळच्या वावटळीतल्या धुळीची कचकच लागत होती म्हणे.

"तळल्यावर कोणाला कळतंय, अक्का?" दुकानदार म्हणाला.

"माले कळनं ना, भाऊ!"

सगळे बिबडे त्यांनी गुरांपुढे टाकले आणि पुन्हा ज्वारी भिजत घातली. दुकानदार चडफडत निघून गेला. मी हळूच गव्हाणीतला एक तुकडा उचलून चावला. मला कचकच कुठेच लागली नाही.