हिंदूतात्यांचं परमिट

उपाशी ठेवायला सांगितलेल्या पेशंटला मी चहा पाजला. मोजून पाच चमचे. आणि नंतर नर्सनं विचारलं तेव्हा चेहरा सरळ ठेवून 'काही दिलं नाही' म्हणून सांगितलं.

पेशंट म्हणजे मालनवहिनी, आमच्या कुंडलच्या हिंदुराव वायरमनच्या पत्नी. हिंदुरावांना सगळं गाव हिंदूतात्या म्हणतं. दोघं आता पाटणला लेकीजवळ राहायला गेले आहेत. मधे बरंच अंतर पडलं आहे, म्हणून हे लिहायचं धाडस करतो आहे.

मी हायस्कुलात विज्ञान शिकवायचो. विजेचा धडा तर इतका रंगवून शिकवायचो की पोरं घंटा झाली तरी उठायची नाहीत, असा माझा समज होता. घरात मात्र फ्यूज सारखा उडायचा. मग मी एके दिवशी त्यात सायकलच्या ब्रेकची तार घातली. पुन्हा फ्यूज उडाला नाही, पण आठवड्याभरात मीटरच्या बोर्डातून धूर निघाला आणि तात्या आले. त्यांनी फ्यूज काढून तळहातावर घेतला आणि एखादं मेलेलं पाखरू बघावं तसा बराच वेळ बघितला.

"फ्यूजचं काम मरायचं असतंय, मास्तर. त्यो न्हाई मेला तर घर मरतंय. पोरास्नी काय शिकवतासा?"

"वीज."

"मग देवच राखतोय म्हणायचा गावाला."

आमची दोस्ती तिथून जमली. माणूस काटक, बोलणं मोजकं, खिशात कायम टेस्टर. खांबावर चढायच्या आधी ते सबस्टेशनला फोन करून लाइन बंद करून घेत. त्याला 'परमिट' म्हणतात. पलीकडून 'बंद केली' असं सांगितलं तरी तात्या ते ऐकून सोडून देत. आधी टेस्टर, मग लांब दांडीनं तार जमिनीला जोडायची, मगच हात. सोबतचे लोक चेष्टा करायचे. तात्यांचं त्यावर एकच म्हणणं, "कुणी म्हणलं म्हणून तार मरत न्हाई." त्यांचा एक जोडीदार असाच कुणाच्या तरी शब्दावर वर चढला होता. त्याला खाली तात्यांनीच उतरवून घेतला होता. ही गोष्ट त्यांनी मला एकदाच सांगितली, तीही एका वाक्यात.

वहिनींच्या बाबतीत तर ते आणखी काटेकोर. आमच्याकडे घरोघर कपडे वाळवायला तार बांधलेली असते. तात्यांच्या दारात मात्र सुतळी. ती पावसाळ्यात कुजायची, धुणं चिखलात पडायचं, वहिनी करवादायच्या. तात्या गुमान नवी सुतळी बांधायचे.

अशा माणसाच्या बायकोला डॉक्टरांनी शॉक द्यायचा म्हणून सांगितलं.

झालं होतं ते असं. वहिनींना साधा व्हायरल ताप आला, गावात बऱ्याच जणांना आला होता. ताप उतरला आणि पंधरा दिवसांनी वहिनींची झोप गेली. हंड्यात कुणीतरी काहीतरी कालवलंय म्हणून त्या भरलेलं पाणी ओतून द्यायला लागल्या. मग बोलणं थांबलं. मग खाणं. शेवटी अशी अवस्था आली की त्यांचा हात उचलून धरला आणि सोडला, तर तो तसाच हवेत राहायचा. सांगलीच्या दवाखान्यात डोक्याचे फोटो झाले, पाठीतलं पाणी तपासून झालं, इंजेक्शनं झाली. नाकातून नळी घालून पातळ अन्न द्यायला लागले. डॉक्टरीणबाई तरुण होत्या, पण आडपडदा न ठेवता बोलणाऱ्या. त्या म्हणाल्या, "तापानंतर मेंदूवर असा परिणाम क्वचित होतो. औषधांना दाद मिळत नाही. अशा पेशंटला शॉक ट्रीटमेंटचा चांगला उपयोग होतो. खात्री मी देणार नाही, पण थांबण्यात धोका जास्त आहे."

मी ताबडतोब विरोध केला. विज्ञानाचा शिक्षक म्हणून तो माझा हक्कच होता. सिनेमात बघितलेलं सगळं मी पदरचं घालून सांगितलं, खाटेला बांधतात, माणूस किंचाळतो, पार भाजी होते त्याची. डॉक्टरीणबाईंनी ऐकून घेतलं आणि तात्यांकडे वळल्या. तात्या म्हणाले, "मॅडम, करंट किती?"

"एका अँपिअरपेक्षा कमी. काही सेकंद."

"त्याच्या दहाव्या हिश्श्यात माणूस मरतो. म्या बघितलाय."

"छातीतून गेला तर. हा कपाळाच्या एका बाजूनं आत जातो, दुसऱ्या बाजूनं बाहेर. आधी भूल देतो, स्नायू सैल करतो. मेंदूला एक छोटी फीट येते, खरं औषध ती. पूर्ण वेळ हृदयाची रेघ पडद्यावर असते."

 मग माझ्या डोक्यातही आला नसता असा प्रश्न तात्यांनी विचारला. "बटन दाबणारा माणूस दाबायच्या आधी काय काय बघतो?"

बाईंनी एक छापील कागद पुढे केला. नाव, हातावरची पट्टी, उपाशीपोटी आहे का, कवळी, दागिने, सही कुणाची. तात्यांनी तो बोट फिरवत तीनदा वाचला. शेवटी बोट एका ओळीवर थांबलं. तिथं लिहिलं होतं, आत नेण्यापूर्वी सगळं पुन्हा विचारावं.

"ह्यांच्यातबी परमिट हाय की," ते म्हणाले आणि सही केली.  बाहेर आल्यावर म्हणाले, "जल्मभर हिला तारंपासनं लांब ठिवली, मास्तर." एवढंच.

दुसऱ्या दिवशी सकाळी तात्या औषधं आणायला खाली गेले. मला काम एकच होतं, वहिनींजवळ बसायचं आणि पोटात काही जाऊ द्यायचं नाही. नळीतलं अन्नही बंद केलं होतं. मी माझ्यापुरता चहा आणला. कप तोंडाशी नेला तर वहिनींचे ओठ हलले. इतक्या दिवसांत पहिल्यांदा. मी चमचा पुढे केला, त्यांनी गिळला. मी दुसरा दिला. मला स्वतःचं इतकं कौतुक वाटलं की सांगता सोय नाही. जे सांगलीच्या सगळ्या डॉक्टरांना जमलं नाही, ते कुंडलच्या मास्तरनं एका कपात करून दाखवलं होतं. पाचव्या चमच्याला मला 'उपाशीपोटी' आठवलं. मी कप खाटेखाली सारला.

आत न्यायच्या दारात नर्सनं विचारलं, "पोटात काही दिलंय?"

"पाण्याचा थेंबसुद्धा नाही," मी म्हणालो. शरमेनं तोंडातून निघालं आणि निघाल्यावर परत घेता येईना. स्ट्रेचर हललं. तेवढ्यात तात्या वाकले. मी 'नाही' म्हटलेलं त्यांनी ऐकलं होतं, तरी वाकले. वहिनींच्या ओठांच्या कोपऱ्यावरून अंगठा फिरवला, नाकाशी नेला.

"बाई, थांबा. हिला आत नेऊ नका."

त्या दिवशीचा शॉक रद्द झाला. भूल दिल्यावर पोटातलं वर येऊन फुप्फुसात गेलं असतं तर काय झालं असतं, ते डॉक्टरीणबाईंनी मला उभं करून समजावलं. मी आयुष्यात बरीच पोरं उभी केली, पण असा शिकलेलो नव्हतो.

तात्या बाकावर बसून होते. मी जवळ गेल्यावर म्हणाले, "च्या पाजलासा ती चूक. चूक मीबी करतो. पण खाली हुबं ऱ्हाऊन 'लाइन बंद हाय' म्हणून सांगितलंसा. त्याला चूक म्हणत न्हाईत, मास्तर."

मी म्हणालो, "मी गावी जातो. उद्या दुसऱ्या कुणाला तरी पाठवतो."

"न्हाई. परवा पुन्हा न्यायची हाय, तवा तुमीच बसायचं. आता तुमच्यासारखं जपणारा मला कुठं घावायचा?"

आपल्या हाताखालचा माणूस चुकला तर त्याला तात्या दुसऱ्या दिवशी त्याच खांबावर नेत, हे मला नंतर कळलं. ठरल्या दिवशी मी असा बसलो की वहिनींच्या खाटेजवळून कुणी पाण्याची बाटली घेऊन गेलं तरी उठून उभा राहायचो. शेजारच्या पेशंटचे नातेवाईक मला घाबरायला लागले.

शॉकला पाच-दहा मिनिटं लागायची. तेवढा वेळ तात्या दाराकडे तोंड करून उभे असायचे, खिशातल्या टेस्टरवर हात ठेवून. ना किंकाळी, ना बांधणं. माझा सिनेमा पहिल्याच दिवशी पडला. दुसऱ्या वेळेनंतर वहिनींचा वर धरलेला हात आपोआप खाली आला. तिसऱ्यानंतर त्यांनी नाकातली नळी ओढली. नर्स ओरडली आणि तात्या हसले. चौथ्यानंतर काहीच फरक पडला नाही. त्या दिवशी तात्या जेवले नाहीत.

पाचव्या वेळेनंतर दुपारी त्या उठून बसल्या. खोलीभर नजर फिरवली. तात्या खाटेच्या कडेला बसले आणि हळूच विचारलं, "वळखलं का?"

"न वळखायला काय झालं? कवापासनं दाढी केली न्हाई तुमी?"

तात्यांनी मान खिडकीकडे वळवली. खांदे हलत होते.  मधले आठवडे वहिनींच्या आठवणीतून पुसले गेले होते. डॉक्टरीणबाईंनी तसं आधीच सांगितलं होतं. आपण कुठं आहोत, कशाला आहोत, त्या एकेक विचारत होत्या. तात्या शांतपणे, काही न लपवता सांगत होते. ताप, हंडा, शॉक, सगळं. वहिनींनी सगळं ऐकून घेतलं, मान डोलावली.

मग त्यांचं लक्ष माझ्याकडे गेलं. मी कोपऱ्यातल्या स्टुलावर होतो. डोळे खोल गेलेले, सदरा चुरगळलेला, आनंदानं तोंडातल्या तोंडात काहीतरी पुटपुटत. त्यांनी मला पायापासून डोक्यापर्यंत न्याहाळलं आणि तात्यांना म्हणाल्या, "मास्तरास्नीबी दाखल केलं व्हय? बरं केलंसा. लय दिवसांपासनं पायजे हुतं."