वरोरच्या टाकीत गोडं पाणी

डहाणूत माझं शोभेच्या माशांचं दुकान आहे आणि मला राग लवकर येतो. या दोन्ही गोष्टी अख्ख्या गावाला ठाऊक आहेत. गिऱ्हाईक आत शिरतं आणि विचारतं, "दीपेशभाऊ, सगळ्यात सुंदर मासा कुठला?" की माझं डोकं फिरलंच. अरे, साडी घ्यायला आलायस का?

हिरकणीमावशीने हे विचारलं नाही. जवळच्या वरोर गावची ही बाई तीस वर्षं बाजारात मासळी विकतेय. तिच्याकडचं पापलेट शिळं निघालं असं कुणी म्हणाल्याचं मी ऐकलेलं नाही. एका दुपारी रिकामी पाटी दाराबाहेर टेकवून ती आत आली, काचेला नाक लावून उभी राहिली आणि म्हणाली, "यातला जगेल कुठला, तेवढं सांग. समुद्रातलाच हवा."

"मावशी, जन्मभर मासे कापलेस, आता पाळणार?"

"यांच्यासाठी रे." यांच्यासाठी म्हणजे नवऱ्यासाठी. रामनाथकाका बोटीवर तांडेल, म्हणजे कप्तान होते. झटका आला, उजवं अंग गेलं आणि बोलणं थांबलं. "सात महिने झाले, एक शब्द नाही. डॉक्टर म्हणतात, जीभ सुटेल, पण त्यांना बोलावंसं वाटलं पाहिजे. ते खाटेवरून भिंत बघतात. समुद्र घरामागं आहे, तर तिकडची खिडकी बंद करायला लावली हातानं खूण करून. आता बोलावंसं वाटायला मी काय करू, सांग."

मी तिला दोन फुटी टाकी दाखवली.

खाऱ्या पाण्याची टाकी म्हणजे नवख्याच्या जिवाला घोर. मी तिला परोपरीने सांगितलं. तिने बोट दाखवलं निळ्या टँग माशाकडे. म्हटलं, तो हातभर वाढतो, तुझ्या दोन फुटी टाकीत त्याचा कोंडमारा होईल. मग डॅमसेल. म्हटलं, स्वस्त आहे, चिवट आहे, पण एक नंबरचा भांडकुदळ, दुसऱ्याला जगू देत नाही. "मग तुझ्यासारखाच," मावशी म्हणाली. शेवटी केशरी-पांढऱ्या पट्ट्यांच्या क्लाउनची जोडी ठरली. टाकीतच जन्मलेली, टाकीतच वाढलेली, दाणे खाणारी. दोनच. तिसरा नाही. तेही एका महिन्यानंतर.

"महिनाभर काय रिकामी काच दाखवू त्यांना?"

"हो. रिकामीच." मी फिल्टर उघडून तिच्यापुढे ठेवला. मागच्या काचेला लटकवायचा, टाकीपेक्षा दुप्पट पाण्याला पुरेल असा, कारण खाऱ्या पाण्यात काटकसर चालत नाही. आधी स्पंज, तो कचरा धरतो. त्यामागे सिरॅमिकच्या रिंगा. त्यांच्यावर डोळ्यांना न दिसणारे जिवाणू वस्ती करतात आणि माशांची घाण पचवतात. ती वस्ती जमायला महिना लागतो. "आणि स्पंज नळाखाली धुवायचा नाही, टाकीतलंच पाणी बादलीत काढून त्यात पिळायचा. नाहीतर सगळी वस्ती मेली. गोड्या पाण्याचा हात लावायचा नाही टाकीला. कळलं?"

"ओरडतोस कशाला? कळलं."

मग मी समुद्री मिठाचं पाकीट काढलं आणि खारटपणा मोजायचं यंत्र काढलं. त्यावर ती इतकी हसली की रस्त्यावरची माणसं थांबली. "अरे, मागच्या दाराला अख्खा समुद्र आहे आणि मी तुझ्याकडून मीठ नेऊ पुडीतून? वरोरात तोंड दाखवायला जागा राहणार नाही मला!" मी हात टेकले आणि दोन्ही परत फळीवर ठेवलं. म्हटलं, काठाचं गढूळ पाणी नको, तुझ्या चिमणला बोटीवरून खोलातलं आणायला सांग, फडक्यातून गाळ, दोन दिवस ड्रममध्ये निवळू दे. चिमण तिचा दीर. त्याने आणलं. सगळं सांगितल्याबरहुकूम झालं.

महिन्याने मी मासे पोचवले. पिशवी पाण्यावर तरंगत ठेवली, हळूच सोडली. काका भिंतीकडे तोंड करूनच होते. चार दिवसांनी मावशीचा फोन. "मान फिरवली रे! दिवसभर त्या दोघांकडंच बघतायत." मला इतका आनंद झाला की त्या दिवशी मी एकाही गिऱ्हाइकावर डाफरलो नाही.

आणखी तीन आठवड्यांनी पुन्हा फोन. मासे वर येऊन धापा टाकत होते, खात नव्हते. "ते मेले तर हे परत भिंतीकडं वळतील," मावशी म्हणाली. "मग मी काय करू?"

मी तडक स्कूटर काढली. वरोरला पोचेपर्यंत डोक्यात एकच, बाईने स्पंज नळाखाली धुतला. आत शिरलो तो बोलतच. "धुतलास ना? धुतलास! किती दाणे घालतेस? मूठभर?"

"नाही रे देवा! तू म्हणालास तसंच करतेय."

"मग तसंच केल्यावर मासे असे होतात होय?"

"पाणी रोज थोडं कमी होतं, तेवढं ड्रममधलं घालते. समुद्राचंच. गोड्याचा थेंब नाही!"

"अगं, मग—"

"गोडं."

आम्ही दोघंही वळलो. आवाज खाटेवरून आला होता. घोगरा, अर्धवट, पण आवाज. काका टाकीच्या वरच्या कडेकडे बघत होते. तिथे पांढरी खरपुडी धरली होती. डावा हात उचलून त्यांनी तिच्याकडे दाखवलं. "मीठ... धरलंय. मिठागर केलंय. गोडं घाल."

लहानपणी काका बापाबरोबर मिठागरात राबलेले. वाफ्यात समुद्राचं पाणी घ्यायचं, उन्हाने पाणी उडतं, मीठ मागे राहतं, पुन्हा पाणी घ्यायचं. मावशी सात-आठ आठवडे नेमकं तेच करत होती, आणि ते तिच्याकडून करवून घेतलं होतं मी. गोड्या पाण्याचा हात लावू नको म्हणून ओरडलो, पण उडालेलं पाणी गोड्यानेच भरायचं हे सांगायला विसरलो. शहरात पुडीतलं मीठ वापरणाऱ्यांच्या हाताशी गोडंच पाणी असतं, त्यांना ते आपोआप कळतं. जिच्या दारात समुद्र, तिला कसं कळणार? लाज वाटली मला.

मावशीने तांब्या उचलला. तिने तो माठातल्या पाण्याने भरला, टाकीवर धरला आणि नवऱ्याकडे बघून विचारलं, "किती घालू?"

"हळू," काका म्हणाले. "रोज... थोडं."

बरोबरच होतं ते. एकदम घातलं असतं तर मासे त्यानेच गेले असते. रोज थोडं खारं काढून तेवढं गोडं घालायचं; असं मीठ उतरायला दहाएक दिवस लागले आणि जोडी वाचली. पाणी कुठपर्यंत हवं ते कळावं म्हणून जाताना मी काचेवर पेनाने ठळक रेघ मारून दिली होती.

मागच्या आठवड्यात गेलो तर रेघ गायब. माझं टाळकं सटकलं. "कुणी पुसली?"

"मीच." मावशी तांब्या भरत होती. "रेघ असली की बघून ओतता येतं. मग यांना विचारू काय?"

आणि ती खाटेकडे वळली. "अहो, किती घालू?"