कापसाची राख

समईची वात विझली की जळक्या कापसाचा वास येतो आणि मला मंचरचं गादीचं दुकान आठवतं. तीस वर्षांपूर्वी माझ्या लग्नातली गादी घ्यायला मी आणि आई निरगुडसरहून तिथे गेलो होतो. आईने गादीचा कोपरा उसवला, चिमूटभर कापूस काढला आणि काडी लावली.

"राख झाली तर कापूस. चिकट गोळा झाला तर नायलॉन मिसळलंय."

राख झाली. ती बोटांवर चोळून, हुंगून आईने दुसरा कोपरा उसवला.

दुकानदार वैतागला. "मावशी, पावणं बी असंच तपासलं का?"

"त्यांचं काय तपासायचं? माझ्या भावानं आणलेलं स्थळ हाय."

दोनच वर्षांत मी गादीसकट माहेरी परत आले. गादी अजून चांगली आहे.