नाताळची भुतं आणि सोसायटीचं कुलूप

परवा आमच्या शाळेचं गॅदरिंग झालं... आणि लगेच माझ्या बदलीची भाषा सुरू झाली. सकाळपासून फोन येतायत, म्हणून एकदाच लिहून टाकते.

मी उमापूरच्या पुढे एका छोट्या गावात शिक्षिका आहे. डिसेंबरात अर्धं गाव ऊसतोडीला गेलेलं असतं, मागे म्हातारी माणसं, थोड्या बाया आणि आमची पोरं. त्यात यंदा दुष्काळ... टँकर आला तर आला.

गावाच्या सहकारी सोसायटीची विहीर आहे, सगळ्यांनी शेअर भरून, राबून खणलेली. यंदा चेअरमन साहेबांनी तिच्या गेटला कुलूप ठोकलं. का, तर म्हणे पाणी जपायचंय! आणि मोटार चालते कुठं? साहेबांच्या मोसंबीला. अख्ख्या गावाला माहीत, पण बोलायची कुणाची छाती नाही.

गॅदरिंगला मी नाताळच्या भुतांची ती जुनी इंग्रजी गोष्ट बसवली, इंग्लंडच्या राणीच्या काळातली. एका कवडीचुंबक म्हाताऱ्याकडे भुतं येतात आणि त्याला त्याचंच आयुष्य दाखवतात. लिहिणाऱ्याला लहानपणी कारखान्यात कामाला लावलं होतं, हे सांगितलं तर सातवीतली सारिका म्हणाली, "म्हंजे बाई, तेला बी तोडीला नेलतं का?" मी म्हटलं, हो गं, तसंच समज.

आमच्या नाटकातला म्हातारा पैसे नाही, पाणी दाबून बसतो. हे पोरांनीच ठरवलं, शपथ!

तालमीची बातमी जायची तिथं गेलीच. हेडसर घाम पुसत आले, "मॅडम, कावून इस्तवाशी खेळता? म्हाताऱ्याला सावकार करून टाका की." मी नाही म्हटलं. माझं डोकं एकदा फिरलं की फिरलं...

कार्यक्रम दुपारी चारला. अध्यक्ष अर्थातच चेअरमन, गळ्यात हार घालून स्टेजपुढच्या खुर्चीत. पोरींनी स्टेजवर हंड्यांची ओळ लावली, भूत झालेली सारिका म्हाताऱ्याला ओरडून रिकामे हंडे दाखवत होती, आणि मी ठरल्याप्रमाणे मोबाईल माईकला लावून टँकरचा हॉर्न वाजवला.

झालं! अख्खा मंडप उठला. टँकर आला, टँकर आला... बाया घराकडं पळत सुटल्या, मागोमाग काठ्या टेकत म्हातारे. मी माईकवर ओरडतेय, अहो नाटक आहे, नाटक! ऐकतंय कोण? पाच मिनिटांत सगळे हंडे, घागरी, कॅन घेऊन परत, आणि हॉर्न वाजला तिथंच, स्टेजपुढं, सवयीनं नंबर लावला. पहिला हंडा चेअरमनच्या पायापाशी.

टँकर नाही म्हटल्यावर लोक लई हसले. चेअरमन मात्र लालबुंद, "उचला हे समदं. तमाशा लावलाय का?"

पहिला हंडा भागाकाकूंचा. दोन्ही मुलं-सुना तोडीला, घरात तीन नातवंडं. त्या जागच्या हलल्या नाहीत. "नंबराला लावलेला हंडा रिकामा उचलायचा न्हाई, साहेब. किल्ली मागवा." मागून एक आवाज आला, "आमी बी न्हाई उचलत." मग दुसरा... मग मोजता येईनात.

चेअरमन भागाकाकूंकडे नाही, माझ्याकडे बघत होते. मीही मान खाली घातली नाही. अर्ध्या तासानं त्यांचा माणूस किल्ली घेऊन आला, आणि दिवस मावळायच्या आत गावानं पाणी भरलं. तेव्हापासून गेट उघडं आहे.

त्या इंग्रज लेखकाचा म्हातारा शेवटी सुधारतो. आमचे चेअरमन काही सुधारले नाहीत, जाताना "मॅडम, तुमची बदलीच करतो" म्हणून गेले.

करा म्हणावं. भागाकाकूंनी जे शिकवलं ते काही इथं ठेवून जाणार नाही मी. दुष्काळ सगळीकडं आहे, कुलपंही असतीलच... जाईन त्या गावात हेच नाटक बसवीन.