कुंपणाआतलं रान

दोन हजार सालानंतरची गोष्ट. लेकीकडं अॅरिझोनात गेलो होतो, तेव्हा तिथल्या मराठी लोकांनी वाळवंटातले डोंगर दाखवायला एक दिवसाची सहल काढली. बसमध्ये माझ्या शेजारी पांढरी टोपी घातलेले एक म्हातारे गृहस्थ होते. मी कोल्हापूरचा म्हटल्यावर त्यांनी माझ्या गुडघ्यावर थाप मारली. "मी कळंब्याचा की, पावणं."

बाहेर तांबडे डोंगर आणि विजेच्या खांबाएवढे उंच निवडुंग. सगळे फोटो काढत होते. हे मात्र काचेला नाक लावून निवडुंगांच्या मागं काहीतरी शोधत होते. आमच्याकडं निवडुंग लावतात ते शेताच्या कडेला, जनावरं आत शिरू नयेत म्हणून. बऱ्याच वेळानं ते म्हणाले, "सगळं कुंपणच हाय की. रान कुठं हाय, दिसंना."

मला हसू आलं, पण त्यांचा चेहरा पाहून आवरलं.

"पोराच्या घराला कुंपण न्हाय," ते म्हणाले. "पर मी आल्यापास्नं कोण आत आलं न्हाय."

उतरताना त्यांनी माझा हात धरला. "घरला या की एकदा." मग पुढं उभ्या असलेल्या मुलाला हाक मारून विचारलं, "आपला पत्ता काय रं?"