पीठ तुमचं, जळण माझं

सांगलीत पाय ठेवला आणि मी मनाशी ठरवूनच टाकलं, आता इथून हलायचं नाही. चाळीस सालानंतरचे ते दिवस. आमचे हे हळदीच्या बाजारात हमालीला लागले होते. त्यांच्यामागं मी आले ती सासूबाईंच्या एका अटीवर: दसऱ्यापर्यंत माझं काही बस्तान बसलं नाही, तर त्या स्वतः येऊन मला कडेगावला परत नेणार.

शहर नुसतं फुगत होतं! रोज नवं बांधकाम, रोज नवे गडी. कुणी जतकडचा, कुणी रहिमतपूरचा. प्रत्येकाच्या गाठोड्यात घरच्या ज्वारीचं पीठ, पण भाकरी थापून द्यायला कुणी नाही. मी खोलीपुढं चूल मांडली. पीठ तुमचं, जळण माझं. मजुरी म्हणून मूठभर पीठ मी ठेवून घ्यायची. बघता बघता दारात रांग लागली. मला तर आभाळ ठेंगणं झालं.

कटकट एकच. ज्याच्या पिठाची भाकरी त्यालाच पाहिजे, हा प्रत्येकाचा हट्ट. म्हणून मी पिशव्यांना रंगीत चिंध्या बांधल्या होत्या. पण दसऱ्याच्या तोंडावर, आज सासूबाई येणार या धास्तीनं मी अशी हडबडले, की सगळं पीठ एकाच परातीत ओतलं.

गडी जेवायला बसले. पहिल्याच घासाला जतकडचा ओरडला, "ही आमच्या रानाची भाकरी न्हवं!" सगळ्यांनी हात आखडले. आणि नेमक्या तेव्हाच सासूबाई दारात. संपलं सगळं!

त्यांनी परात बघितली, गडी बघितले.

"कुठं ऱ्हाता रं तुमी?"

"सांगलीत की, मावशी."

"मग ही सांगलीची भाकरी हाय. गप गिळा."

एक जण हसला, मग सगळेच. त्या दिवशी भाकऱ्या कमी पडल्या. सासूबाईंनी पदर खोचला. "सर तिकडं. तुझ्या भाकरीचा काठ लय जाड," म्हणत माझ्या जागी बसल्या. मी तिथंच उभी राहून आनंदानं रडले.

दसरा झाल्यावर त्या गावी निघाल्या. मला नाही नेलं; रिकामी पोती तेवढी नेली.

"आपल्या रानातली शाळूची ज्वारी धाडते," त्या म्हणाल्या. मग माझ्या कानाशी वाकून, "त्येचं पीठ मातूर येगळं ठेव."